ऐकायला कोण आहे?

पुराणातल्या बाईला कवितेत बोलतं करायचं म्हटलं की पहिल्या खर्ड्यात तिच्या तोंडी हमखास तक्रार येते. माझं मत असं की त्याआधी तिच्यासमोर ऐकायला कोण बसलंय ते ठरवावं. तिचा सूर त्यावर ठरतो, आणि पुष्कळदा कथाही.

ग्रीक पुराणातली युरिडिसी बघा. ती साप चावून मेली. गाण्याच्या बळावर ऑर्फियस तिला पाताळातून आणायला गेला. मागे वळून बघायचं नाही ही अट होती, आणि तो वळला. रोमन कवी ओव्हिडने दुसऱ्यांदा मरताना तिच्या तोंडी जेमतेम एक निरोपाचा शब्द ठेवला, तोही त्याच्या कानापर्यंत धड न पोचणारा. वर स्वतःच सांगून टाकलं की नवऱ्याबद्दल तिची तक्रार नव्हती. त्याने प्रेम केलं, यापलीकडे ती कशाची तक्रार करणार? तिला न विचारता दिलेला हा निर्वाळा मला फार खुपतो.

अमेरिकन कवयित्री एच. डी. हिने १९१७ मध्ये तिला वाचा दिली. तिथे ती ऑर्फियसलाच जाब विचारते. कवितेत धग आहे, पण सारं बोलणं त्याच्याकडे तोंड करून. ब्रिटिश कवयित्री कॅरल ॲन डफीच्या 'द वर्ल्ड्‌स वाइफ' (१९९९) या संग्रहात मात्र युरिडिसी बायकांना सांगते, आणि तेवढ्याने कथाच पालटते. तिला मरणात सुख आहे. कवी म्हणून मिरवणारा नवरा तिला नकोसा झालाय. त्याच्या कवितेचं कौतुक करून तीच त्याला मागे वळायला लावते. हा डाव नवऱ्याला कसा सांगणार? तो बायकाबायकांतच सांगायचा.

आपल्याकडे जात्यावर हेच चालायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सीतेचा वनवास पुन्हापुन्हा येतो. लोककथेतली कैकेयी सीतेला रावणाचं चित्र काढायला लावते. सीतेने त्याचा फक्त अंगठा पाहिलेला, म्हणून ती तेवढाच काढते. उरलेला रावण सासू पुरा करते आणि रामाला दाखवते. राजवाड्यातलं कारस्थान असं थेट सासुरवासाच्या घरात येतं. ऐकणारी खुंट्याला हात लावून समोरच बसलेली असते, तिला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सध्या मी अहल्येवर लिहितेय. रामाला उद्देशून लिहिलं की तिची भाषा स्तोत्राची होते, गौतमाला उद्देशून लिहिलं की कैफियतीची. म्हणून शेजारच्या आश्रमातली एक पाणी भरणारी बाई मी तिच्यापाशी आणून बसवलीय. ती उगाच सांत्वन करत नाही. इतकी वर्षं पाऊस अंगावर कसा घेतलास, एवढंच विचारते. इंद्राचं नाव अजून दोघींपैकी कोणीच काढलेलं नाही.