कापलेला मासा, नाव घातलेला तांब्या

जपानी वस्तुचित्रांच्या साधेपणाचं श्रेय बहुधा त्यांतल्या मोकळ्या जागेला दिलं जातं. मला ते वापराच्या खुणेला द्यावंसं वाटतं. ताकाहाशी युइची (१८२८–१८९४) यानं १८७७च्या सुमारास दोरीला टांगलेला खारवलेला सामन मासा तैलरंगात रंगवला. माशाचा एक भाग आधीच कापून नेलेला आहे, आतलं लालसर मांस दिसतं. चित्रात माणूस नाही, पण सुरी चालवणारा हात आणि जेवणारं घर त्या कापात हजर आहे. बाकीचं सारं गाळल्यामुळेच ते जाणवतं.

साधेपणा हा भरल्या पोटाचा शौक आहे, असं कुणी म्हणेल. पण याच युइचीनं चिरायच्या फळीवरचा टोफू रंगवला: सामान्य घरातलं सोयाबीनचं रोजचं अन्न, कसलीही सजावट न करता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे वस्तू एकटी रंगवत नाहीत. तंजावर चित्रातलं लोण्याचं मडकं बाळकृष्णाजवळच असतं. वस्तुचित्र इंग्रजी कलाशिक्षणाबरोबर आलं. डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी १८५० मध्ये मद्रासला कलाशाळा काढली; मराठी मुलांना हा प्रकार आजही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेतच भेटतो. चित्रापुरतं हे मान्य. मात्र वस्तूत माणूस पाहण्याची सवय आपल्याला परकी नाही. आपण भांड्यांवर नावं घालतो. बारशाच्या वाटीवर बाळाचं नाव, लग्नातल्या तांब्यावर देणाऱ्याचं. माणूस गेल्यावरही नातवंडं त्याच्या नावाच्या तांब्यानं पाणी पितात. चेन्नईच्या स्वयंपाकघरांतही अशी नावं कोरलेली भांडी आहेत.

त्याच शहराच्या ईस्ट कोस्ट रोडवर या विचाराला आधार सापडतो. के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकारानं १९६६ मध्ये वसलेल्या चोळमंडल या कलाग्रामातले चित्रकार बाटिकसारख्या हस्तकलांवर गुजराण करत आणि चित्रं काढत. उपयोगाची वस्तू आणि कला यांचं तिथे वैर नव्हतं. पुढे मुट्टुकाडूला १९९६ पासून ‘दक्षिणचित्र’ या संग्रहालयात दक्षिणेतली जुनी घरं पुन्हा उभी केलेली आहेत, आणि घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत, हे तिथे कळतं.

म्हणून कलाशिक्षकांना विनंती आहे: वर्गातलं कोरं मडकं आणि इस्त्रीचं कापड बाजूला ठेवा. विद्यार्थ्याला घरातलं पोचे आलेलं, नाव घातलेलं एक भांडं आणायला सांगा आणि तेवढंच काढू द्या.