वाल, शेवळं आणि सुटलेली पोटं

पनवेलच्या आमच्या जुन्या घरात वजनकाटा नव्हता. आता आम्हा चुलत-आते भावंडांपैकी कुणी पन्नाशीच्या आत नाही आणि वजन उतरवायच्या मागे न लागलेलंही कुणी नाही. कुणी ओट्स आणले, कुणी किन्वा. मग ग्रुपवर हटकून कुणीतरी लिहितं, ‘आजीच्या हातचं खात राहिलो असतो तर ही वेळ आली नसती.’ खरं आहे, पण अर्धंच.

ते जेवण जवळचं होतं, यात शंका नाही. भात निघाला की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल व्हायचे. थंडीत शेंगांची पोपटी, भांबुर्ड्याचा पाला घातलेली, एरवी बिरडं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सगळ्या जणी परातीभोवती सोलायला बसत. चिमटीत दाबला की दाणा सालातून सटकून भलतीकडेच उडे; तो शोधून आणायचं काम आम्हा पोरांचं. पावसाच्या तोंडावर कातकरणी, ठाकरणी डोंगरातली शेवळं ही रानभाजी घेऊन बाजारात बसत. शेवळांबरोबर काकडं ही आंबट रानफळं घ्यायचीच, नाहीतर घसा खाजून बेजार. काकू शेवळातला पिवळा रवाळ भाग काढून टाकी, उरलेलं बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवी आणि त्यात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घाली; ही शेवळाची कणी. मागोमाग टाकळा, कुर्डू, कंटोली.

पण यातलं काहीच वजनासाठी नव्हतं, आणि हलकंही नव्हतं. बिरड्यात नारळाचं दूध, ताटात भाताचा डोंगर, गणपतीत मोदकांवर तुपाची धार. थोरले काका हेच गावचं अन्न खाऊन चांगले गरगरीत झाले होते. बारीक होत्या त्या काकवा. त्या सगळ्यांच्या मागून जेवत. तोवर सोडे पुरुषांच्या ताटांत संपलेले असत, त्यांच्या वाट्याला रस आणि भात. त्यांना आम्ही कौतुकाने ‘काटक’ म्हणायचो. शेवळंवाल्या कातकरणी त्यांच्याहून बारीक, आणि त्यांच्याशी आठ आण्यांसाठी हुज्जत घालणारी आमचीच आजी. शिवाय पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतात चढणारे, गाभोळीने फुगलेले वलगणीचे मासे आम्ही मिटक्या मारत खाल्लेत. अंडी घालायला निघालेला मासा तो! आज समुद्रातली यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते ती याच कारणासाठी.

नवी मुंबई वसवायला सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि पुढे आमच्या डोळ्यांदेखत भातशेतांचे सेक्टर झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालुक्यातच विमानतळाचं उद्घाटन झालं. वाल अजून मिळतात. कुठल्या शेतातले, ते दुकानदारालाही ठाऊक नसतं.

आमच्यातल्या मधल्या बहिणीने तरीही आपल्यापुरती घडी बसवली आहे. भात मुदीएवढा, बिरडं वाटीभर, नारळ बेताने. जून-जुलैत ताजी मासळी नाही, वलगण तर नाहीच. रानभाजी बाजारात बसणाऱ्या बाईकडूनच, आणि ती सांगेल त्या भावाने. वजन किती उतरलं ते ती सांगत नाही. गुडघे कुरकुरत नाहीत, एवढं मात्र सांगते.

परवाच्या पावसाळ्यात तिने शेवळाच्या कणीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली धाकट्या भावाने विचारलं, ‘सोडे दिसत नाहीत ते?’

तिने लिहिलं, ‘मी आधी जेवले.’