वाहनतळाच्या गच्चीवरची भाजी

सिंगापूरला जाण्याचा योग आला, तर तेथील प्रसिद्ध उद्याने जरूर पाहावीत. २०१९ साली तेथील अँग मो किओ या उपनगरात एका सरकारी गृहसंकुलाच्या बहुमजली वाहनतळाच्या गच्चीवर हायड्रोपोनिक्स पद्धतीने, म्हणजे मातीविना, भाजीची शेती सुरू झाली. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणणाऱ्या देशाला गच्चीही मोलाची वाटते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुलीकडे गेलो असता मी ती शेती पाहिली. उभ्या चौकटींवर आडव्या नळ्या, मुळांच्या आधारासाठी त्यांत भाजलेल्या मातीचे खडे आणि त्यांतून फिरणारे पोषकद्रव्यांचे पाणी. एक पिकल्या केसांच्या बाई उभ्यानेच लेट्यूसची पाने खुडत होत्या. कंबर वाकत नव्हती, गुडघा दुमडत नव्हता. मला आईची आठवण झाली.

आई तेव्हा ऐंशीची होती. वडील गेल्यावर वाईजवळचे घर आणि परसातले वाफे सोडून ती आमच्या पुण्याच्या सदनिकेत आली होती. गुडघ्यांच्या संधिवातामुळे कुंडीपाशीही तिला बसता येत नसे. काय करतेस, असे विचारले की म्हणे, "दिवस ढकलते आहे रे." वेदनेवर मी गोळ्या देत होतो; या उत्तरावर माझ्याकडे औषध नव्हते.

परतल्यावर सज्जात कमरेइतक्या उंच टेबलावर दहा लिटरची झाकणाची बादली ठेवली. झाकणाच्या भोकात जाळीदार पेला, त्यात नारळाच्या भुशात लावलेले लेट्यूसचे रोप आणि खाली खतद्रव्य मिसळलेले पाणी. पंपाची गरज नाही. मी मात्र रोज बादली काठोकाठ भरीत राहिलो आणि रोप माना टाकू लागले. आईने झाकण उचलून तपकिरी मुळे पाहिली. "गुदमरतात ती. पाणी उतरू दे." तिचे निदान अचूक होते. रोप पाणी पिते तशी पातळी खाली जाते आणि वरच्या मुळांना हवा मिळते. दुसरे रोप तिने स्वतः लावले. सुमारे दीड महिन्याने त्याची पाने आमच्या ताटात आली.

आपणही हा प्रयोग करणार असाल, तर डॉक्टर म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, साचलेले उघडे पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. झाकण घट्ट असावे आणि फट राहिल्यास बारीक जाळी लावावी. दुसरी, वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू अथवा घटवू नये आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. तिसरी, खतद्रव्याच्या बाटल्या औषधांच्या कपाटात कधीही ठेवू नयेत. मंद दृष्टीला बाटल्या सारख्याच दिसतात.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना आणखी एक विनंती. बादली आणून द्यावी, पण तिचा कारभार आपण हाती घेऊ नये. आता सकाळी चहाआधी आई काठी टेकीत सज्जात जाते आणि पाण्याची पातळी पाहून मला सांगते. मी ती वहीत लिहून ठेवतो, कारण तसा तिचा हुकूम आहे.