आधी नाव लिहून घ्या

सातारा

चि. मुक्ता,


काल फोनवर तू विचारलंस, युद्धकैद्यांना खरंच पगार मिळायचा का, आणि त्याच दमात म्हणालीस, "आजोबा, युद्धाच्या कायद्याच्या या विषयात काही राम नाही, मी सोडतेय." पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम 60 काढ. साध्या शिपायाला महिन्याला 8 स्विस फ्रँकांइतकी उचल, पुढे हुद्द्याप्रमाणे वाढत वाढत जनरलला 75. तुझ्या दुसऱ्या वाक्याने मात्र माझी झोप उडवली, म्हणून पहाटेच लिहायला बसलो. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तुझी आई फोन काढून घेते.

कायदा पाळतो कोण, असं तू म्हणतेस. गाझा, युक्रेन, सुदान, रोज कुठलं तरी रुग्णालय पडतं. पडतं, खरं आहे. 1864 चा पहिला करार जखमींसाठी आणि त्यांना उचलणाऱ्यांसाठीच झाला होता, आणि आजही रुग्णवाहिकेवर गोळ्या झाडल्या जातात, याची चीड मलाही येते. पण तू इतके दिवस नुसते खटले वाचत बसली आहेस. न्यूरेंबर्ग, रवांडा, हेग. खटला उभा राहतो तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कलमं कधी वाचलीस का, बोट ठेवून, एकेक? एकट्या तिसऱ्या करारात 143 आहेत. छावणीच्या कँटीनमध्ये साबण आणि तंबाखू मिळाली पाहिजे, इथपर्यंत त्यात लिहिलंय. ज्यांनी 1949 साली ते लिहिलं त्यांनी नुकतंच महायुद्ध पाहिलं होतं. माणसाला कैदेत काय काय लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यातलं कलम 17 आणि कलम 70 आज रात्री वाच. कैद्याने आपलं पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर सांगायचा. त्यापलीकडे त्याच्याकडून जबरदस्तीने काही काढून घ्यायचं नाही. आणि छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत त्याला एक कार्ड घरी आणि एक युद्धकैद्यांची नोंद ठेवणाऱ्या जिनिव्हाच्या केंद्राकडे पाठवू द्यायचं. 1972 साली रांचीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत आम्ही कारकून मंडळी हेच काम करत होतो. 1971 च्या युद्धानंतर पाकिस्तानची, सैनिक आणि नागरिक मिळून, 93 हजारांच्या आसपास माणसं तेव्हा आपल्या ताब्यात होती. एक झेलमकडचा हवालदार होता, पन्नाशीला टेकलेला. कार्ड हातात धरून तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, साहेब, म्हैस विकू नका, एवढं लिहाल का? कार्डावर तेवढी जागाच नव्हती. बापाचं नाव, गाव, तब्येत ठीक, संपलं. मी त्याला सांगितलं, म्हशीचं पुढच्या पत्रात लिही, पत्रं मिळतील. मिळालीही. त्याच्या घरून उत्तर आलं तेव्हा तो ते सगळ्या बराकीला वाचून दाखवत फिरला.

तुझे प्राध्यापक काहीही म्हणोत, या कायद्याचं मूळ तिथे आहे असं मी मानतो. ज्याचं नाव यादीवर चढलं आणि ती यादी तिसऱ्याच्या हातात गेली, त्याला गुपचूप नाहीसं करणं कठीण होतं. म्हणूनच ज्यांना माणसं नाहीशी करायची असतात ते आधी यादी टाळतात. थोरल्या आजीचं कुंकू तुला माहीत आहेच, नवऱ्याची खबरच न आल्याने तिने ते कधी पुसलं नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 ला इराकमधल्या कूतला पुणे डिव्हिजन शरण गेली, त्यात आपल्या मराठा पलटणी होत्या आणि तिचा नवराही. त्याच काळात जिनिव्हात शेकडो स्वयंसेवक, बहुतेक बायकाच, कैद्यांची लाखो कार्डं लावत बसल्या होत्या. आपल्या घरी मात्र एक ओळही पोचली नाही. आणि फार मागे कशाला जायचं, फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे 5 डिसेंबर 1971 ला विमान घेऊन गेले ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, इतकी वर्षं त्यांचा माग काढत राहिल्या. 2007 ला इतर कुटुंबांबरोबर त्या पाकिस्तानचे तुरुंगही पाहून आल्या. हाती काही लागलं नाही. या बाईंसमोर उभी राहून सांगशील का, की विषयात राम नाही?

आता तू कलम 118 माझ्यापुढे नाचवशील. लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडायचे, मग आपण का ठेवले? शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त कमांडपुढे होती, बांगलादेशाला वगळून निर्णय घेता येत नाही, असं आपलं सरकार म्हणत होतं. शिमला करार जुलै 1972 चा, दिल्ली करार ऑगस्ट 1973 चा, शेवटचे कैदी एप्रिल 1974 ला वाघ्याहून गेले. तो हवालदारही त्यात बराच काळ अडकला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. प्रबंध लिहायचाच तर यावर लिही, आपल्या बाजूचं असलं तरी सोडू नकोस.

पण मुक्ता, खरी काळजी मला वेगळीच आहे. तुझी आई सांगते, तू रात्री दोन-तीनपर्यंत युद्धाचे व्हिडिओ बघतेस आणि सकाळी डबा तसाच परत आणतेस. ढिगाऱ्यातली मुलं रोज अशी बघितली तर कुणाचंही मन उठेल, मग दोष कायद्याला दिला जातो. अभ्यासाला जेवढं लागतं तेवढं दिवसा बघ, मैत्रिणीबरोबर बघ. रात्री फोन आईच्या खोलीत ठेव. विषय बदलायचा तर बदल, मी हट्ट धरणार नाही. फक्त असं न झोपता, न जेवता ठरवू नकोस. आधी आठ दिवस नीट जेव, झोप काढ, मग बोलू.

तुझ्या खात्यात थोडे पैसे टाकले आहेत. पुस्तकं घेऊ नकोस त्यातून, आधी डोळे तपासून घे. गेल्या खेपेला अक्षरं दोन दिसतात म्हणत होतीस. डॉक्टर काय म्हणाले ते कळव, आणि कळवायचं ते पत्राने.

तुझे आजोबा