टेम्सकाठचे भांडे

लंडनहून परतलेल्या माणसाने टॉवरमधला कोहिनूर आणि राजवाड्यावरचा पहारा यांचे वर्णन करावे, असा रिवाज आहे. आम्ही उभयतांनी दोन्ही पाहिले. पण माझ्या मनात घर करून बसली आहे ती एक भलतीच वस्तू. तिचे नाव फराळाच्या ताटापाशी घेणे बरे नव्हे. तरीही घेतो, वाचक क्षमा करतील.

आमची कन्या तिकडे चित्रकला शिकवते. एका रविवारी तिने आम्हांला सेंट पॉलच्या देवळापासून टेम्सवरच्या पादचारी पुलाने पलीकडे नेले. समोर विटांची अवाढव्य इमारत आणि मधोमध ९९ मीटर उंचीचे धुराडे. एके काळी तिथे वीज तयार होत असे. २००० साली त्याच इमारतीत 'टेट मॉडर्न' हे कलासंग्रहालय सुरू झाले. आत शिरायला तिकीट पडत नाही, हे कळताच सौ.ची कळी खुलली.

वरच्या एका दालनात मात्र ती थबकली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगबाई! अहो, हे इथं कसं?"

समोर मांडले होते पुरुषांच्या मुतारीतले पांढरे भांडे! उताणे ठेवलेले, कडेला 'आर. मट, १९१७' अशी सही, आणि नाव काय, तर 'कारंजे'.

"याला कला म्हणायचं?" मी जरा मोठ्यानेच विचारले. कन्येने शांतपणे त्याची हकीकत सांगितली.

मार्सेल ड्यूशाँ हा फ्रेंच कलावंत तेव्हा न्यूयॉर्कला राहत होता. तिथल्या एका कलावंत मंडळाने १९१७ साली जाहीर केले की, सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचीही कृती आम्ही नाकारणार नाही. ड्यूशाँ स्वतःच मंडळाच्या संचालकांपैकी एक. त्याने टोपणनावाने हे भांडे धाडून दिले. मंडळाची तारांबळ उडाली आणि भांडे प्रदर्शनाबाहेर राहिले. ड्यूशाँने राजीनामा दिला. मूळ भांडे पुढे हरवले. उरले ते आल्फ्रेड स्टिग्लिट्झने काढलेले छायाचित्र. १९६४ साली ड्यूशाँच्या संमतीने प्रती करवण्यात आल्या, त्यांतली ही एक. गंमत अशी की, दुकानातून आणलेल्या वस्तूची ही प्रत मात्र कारागिरांनी हाताने घडवलेली आहे!

"म्हणजे थट्टाच की!" मी म्हणालो.

"थट्टा आहेच, बाबा. पण त्या मंडळींनी दिलेलं वचन वस्तू समोर येताच मोडलं. आणि आपल्या मुंबईत काय झालं? १९५४ साली जहांगीर कलादालनात अकबर पदमसींच्या प्रेमी युगुलांच्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. २०१० साली त्याच पदमसींना पद्मभूषण मिळालं."

मी गप्प बसलो. कारण असले मंडळ मीही एकदा चालवले होते. त्याचा सभासद मी एकटाच होतो.

ही मुलगी कला महाविद्यालयात असतानाची गोष्ट. वार्षिक प्रदर्शनात तिने भिंतीवर माझ्या आजीचे आलवण टांगले होते. आजी अठराव्या वर्षी विधवा झाली. केशवपन झाल्यावर सारा जन्म तिने त्या लाल लुगड्यात काढला. त्याच्या मधोमध, चेहऱ्याच्या उंचीवर, मुलीने एक आरसा लावला होता. पाहणाऱ्याला त्या लुगड्यात आपलेच तोंड दिसे. चार नातेवाईक बरोबर होते. "ही काय कला झाली? घरची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!" असे म्हणून मी स्वतःच्या हाताने ते उतरवले. ती एक शब्दही बोलली नाही.

ड्यूशाँच्या भांड्याला मी आजही हात जोडणार नाही. प्रश्न चोख होता, पण तो एकदाच विचारण्याजोगा. नुसते दचकवायचेच असेल, तर भर रस्त्यात लवंगीची माळ लावूनही दचकवता येते. दचकणे ओसरल्यावर मागे काय उरते, ते पाहावे. त्या आरशात दिसलेले माझे तोंड मी इतक्या वर्षांत विसरू शकलो नाही. तेव्हा मला राग आला तो ती कला नव्हती म्हणून नव्हे. ते खरे होते म्हणून.

परतताना पुलावर बोचरा वारा होता. सौ. पुढे गेली होती. मी विचारले, "ते आलवण कुठं आहे ग?"

"माझ्याकडेच आहे," ती म्हणाली. "येताना बॅगेतून आणलं होतं."

"पुन्हा लावशील?"

ती जरा थांबली. "तुम्ही पाहायला याल, बाबा?"

"येईन," मी म्हणालो. "पण या वेळी त्याच्याखाली आजीचं नाव घाल."