विकायच्या ढिगातली रेकॉर्ड

जुने घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जायचे ठरले आणि आम्हा दोघा भावांपुढे अब्बांच्या रेकॉर्डींचा प्रश्न उभा राहिला. त्यांनीच केलेल्या डुगडुगत्या मांडणीत त्या होत्या. निम्म्याच नेता येणार होत्या. 'वेदर रिपोर्ट' या जॅझ-रॉक बँडची 1978 ची 'मिस्टर गॉन' आम्ही पुन्हा न ऐकताच विकायच्या ढिगात टाकली. 'डाउनबीट' मासिकाने तिला एकच तारा दिला होता, एवढे कारण आम्हाला पुरे होते.

अम्मी म्हणाली, "तुमच्या अब्बांनी पैसे मोजून आणली होती. एकदा लावा तरी."

लावली. जो झाविनुल आणि वेन शॉर्टर हे या बँडचे 1970 पासूनचे आधारस्तंभ. आदल्याच वर्षी त्यांची 'हेवी वेदर' गाजली होती. मात्र इथे ड्रमवर कायमचा माणूस नाही. टोनी विल्यम्स, स्टीव्ह गॅड, पीटर अर्स्किन, शिवाय बासवादक जाको पास्टोरियस स्वतः. असे चौघे आलटून पालटून बसतात. पहिली बाजू सिंथेसायझरच्या थरांखाली दबलेली वाटली. सीडी असती तर आम्ही पुढे ढकलली असती. पण अब्बा सुई मध्येच उचलू देत नसत. ती सवय अजून आमच्या हातात होती.

बाजू पालटली. 'पंक जॅझ'मध्ये पास्टोरियस आणि विल्यम्स असे सुटले की आम्ही बांधाबांध थांबवली. मग 'पिनोकिओ'. शॉर्टरची ही रचना माइल्स डेव्हिसच्या पंचकात 1967 साली ध्वनिमुद्रित झालेली. इथे ती अर्स्किनच्या ड्रमवर नव्याने धावते. पुढे हाच अर्स्किन बँडचा चौथा माणूस झाला. 1979 च्या '8:30'मध्ये या चौघांचे मैफलीतले वादन आहे आणि तिला ग्रॅमी मिळाले. ज्याला आम्ही फसलेले काम म्हणत होतो, त्यात माणसाचा शोध चालला होता.

पहिली बाजू आम्हाला आजही कच्चीच वाटते. तरी रेकॉर्ड ढिगातून काढली.

अब्बा निवृत्तीनंतर सुतारकाम शिकायला लागले, तेव्हा आम्ही हसलो होतो. पहिली मांडणी डुगडुगली. दुसरी करायला त्यांना वेळ मिळाला नाही. नव्या घरी तिच्या एका पायाखाली आम्ही पुठ्ठा घातला आहे.