तेरचे कापड, रोमची वाईन

शिरूर अनंतपाळहून लातूरकडे येताना दोन्ही अंगांना काळी रानं दिसतात. पावसाळ्यात सोयाबीन, त्यात तुरीचे तास, पुढे हरभरा. द्राक्षाचा मंडप या वाटेवर विरळाच. अशा मुलखात वाईनची कथा कशाला, असे कोणी विचारील. परंतु ही कथा सर्वस्वी परक्यांची नाही. तिचा एक धागा दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या तेर गावाशी जुळला होता.

लातूरहून बार्शीच्या रस्त्याने निघावे. मुरूड मागे टाकून ढोकी आले की तेरची वाट फुटते. धाराशिव जिल्ह्यातले हे तेरणाकाठचे गाव आपल्याला संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. समाधीचे दर्शन घेऊन बहुतेक मंडळी परततात. पण घटकाभर थांबून गावाभोवतालची पांढरीची टेकाडे पाहावीत. त्यांच्या पोटात सातवाहनांच्या काळचे तगर नगर आहे. तिथे सापडलेले मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती बाहुली असे कितीतरी जिन्नस गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाने जपले आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने व्यापाऱ्यांसाठी 'पेरिप्लस' नावाचे वाटाड्या पुस्तक लिहिले. त्यात भडोच बंदराचा मोठा तपशील आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे त्यात म्हटले आहे. तगरचे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, आडरानातून भडोचला जाई. आणि बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाईन होती. इटलीच्या वाईनला पसंती अधिक, शिवाय सीरियातल्या लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी उंची वाईन निराळी येई.

ही वाईन दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रांजणांतून जहाजावर चढे. त्या रांजणांना ॲम्फोरा म्हणत. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाश्याच्या उत्खननात अशा रांजणांची खापरे निघाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत रोमन काशाच्या वस्तू मिळाल्या, त्यांत समुद्रदेवाच्या मूर्तीबरोबर वाईन ओतण्याची सुरईही होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रोमच्या शेतकऱ्याची द्राक्षे भारतात येणे शक्यच नव्हते, ती वाटेतच नासली असती. आली ती वाईन. तगरहूनही नुसता कापूस गेला नाही, कापड गेले. दोन्हीकडच्या लोकांनी माल टिकाऊ केला, त्यावर हात फिरवला आणि मगच तो लांबच्या बाजाराला धाडला.

वाईन मुळात अशा टिकवण्यातूनच जन्मली असावी. पिकलेल्या द्राक्षाच्या सालीवर किण्वाचे सूक्ष्म जीव असतात. द्राक्ष चुरडले की ते रसातली साखर खातात आणि तिचे मद्य करतात. काळ्या द्राक्षाची साल रसात ठेवली की लाल वाईन होते. रस आधीच वेगळा काढला की पांढरी. जॉर्जिया देशात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाईनचे अंश मिळाले आहेत. तिथले लोक आजही जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणात वाईन मुरवतात. इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाच्या थडग्यातल्या रांजणांवर साल, मळा आणि करणाराचे नाव लिहिलेले सापडले.

आपल्याकडेही द्राक्षाचे मद्य अनोळखी नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याला 'मधु' म्हटले असून कापिशायन आणि हारहूरक अशी त्याची नावे दिली आहेत. आयुर्वेदातला द्राक्षासव तर आपल्या घराघरांत औषध म्हणून माहीत आहे. मराठवाड्यात द्राक्षही जुने. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली, आणि ती वर्षातून दोनदा येतात असे लिहिले.

आधुनिक काळात, १९८० च्या दशकात, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला मोठ्या प्रमाणावर वाईन होऊ लागली. नाशिकजवळ १९९० च्या दशकाअखेर नवे कारखाने उभे राहिले. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्कसाठी जागा ठेवल्या. खाण्याचे द्राक्ष टपोरे आणि बिनबियांचे हवे. वाईनचे लहान, जाड सालीचे आणि बी असलेले चालते. त्यामुळे वाईनच्या जातींची बाग निराळी लावावी लागते, आणि तिचा माल कारखान्याखेरीज दुसरे कोणी फारसे विचारीत नाही.

धोका इथेच आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली, कारखान्यांत साठे पडून राहिले आणि नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा उपटून टाकल्या. टिकाऊ माल कारखानदाराच्या पिंपात होता, शेतकऱ्याच्या हातात मात्र पिकलेला घड. ज्याचा माल थांबू शकत नाही, त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. कांदा, टोमॅटो पिकवणाऱ्या आपल्या बंधूंना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी बाजू घरातली. शिरूर अनंतपाळ तालुक्यातच उजेड हे गाव आहे. तिथे जानेवारीत कोणा देवाची नव्हे, तर महात्मा गांधींच्या नावाची यात्रा भरते. दारूबंदीसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाची यात्रा भरवणारा हा मुलूख आहे. कितीतरी गावांत आयाबहिणींनी मतपेटीत आडव्या बाटलीला कौल देऊन दुकाने बंद केली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर विरोध उठला. वाईन शेतकऱ्याची, असे एक म्हणे. शेवटी नशाच, असे दुसरा म्हणे. ज्या घरात दारूने संसार मोडला, तिथली माउली कोणाच्या बाजूने बोलेल, हे उघड आहे.

मग तेरची शिकवण वाया गेली का? मुळीच नाही. द्राक्ष टिकवायला वाईन हाच एक मार्ग नाही. तासगाव आणि सोलापूरकडचे शेतकरी बेदाणा करतात. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात. पंधरा दिवसांच्या आत माल वाळतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहात ठेवून भावाची वाट पाहता येते, आणि घरच्या लेकरांच्या हातावरही ठेवता येतो.

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे द्राक्षाची बाग सर्वांना झेपणार नाही. विहिरीचे उन्हाळ्यातले पाणी मोजल्याशिवाय कोणी मंडप घालू नये. पण तगरची रीत द्राक्षापुरती नाही. तुरीची डाळ, हरभऱ्याचे बेसन, सोयाबीनच्या वड्या हीही त्याच वाटेवरची पावले आहेत. आपल्या पूर्वजांनी कापूस विणून मग गाडी जुंपली. पुढच्या खेपेला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाल, तेव्हा लेकरांना घेऊन संग्रहालयातही एक फेरी मारा, आणि त्यांना एवढी गोष्ट जरूर सांगा.